ज्येष्ठमधाच्या खणातलं क्रियापद

छिंगकौ, ५ जुलै

तीर्थरूप फांग मामांना भाची श्वेलान हिचा वाकून नमस्कार. (हे पत्र औषधांच्या गोणीवर कागद ठेवून लिहिते आहे, तेव्हा वाकणं अगदी खरं आहे, त्यात शिष्टाचार किती आणि गोणीची उंची किती ते तुम्हीच ठरवा.) तुमचे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेला लेप रात्री लावा म्हणून सांगितलं होतं, तुम्ही तो सकाळी लावून बागेत जात असणार आणि वासानं लोक बाक सोडून उठत असणार. मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की गुडघ्याचं फारसं काही नाही, पण घशाला काम उरलेलं नाही. तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवली, आणि आता शेजारीणसुद्धा शब्द अडला तर खिशातलं यंत्र काढते, तुमच्या दारावर टकटक करत नाही. ते वाचून मला वाईट वाटलं. नानचिंगसारख्या एवढ्या मोठ्या शहरात एका माणसाला एक शंका येऊ नये म्हणजे कमाल आहे. या दुखण्यावर माझ्याकडे एक औषध आहे, पण ते पत्राच्या शेवटी देईन, कारण आधी सगळी हकीकत कळल्याशिवाय तुम्ही ते घेणार नाही.

तुम्ही दोन प्रश्न विचारले होतेत. मेंग उस्तादांच्या परीक्षेचं काय झालं, आणि तुमच्या शब्दकोशाचं काय झालं. या दोन प्रश्नांचं उत्तर दुर्दैवानं एकच आहे.

मेंग उस्ताद तुम्हाला आठवत असतील. माझ्या लग्नात कोपऱ्यातल्या टेबलावर बसून जेवणातला प्रत्येक मसाला वासावरून ओळखत होते आणि आचाऱ्याला घाम फुटला होता, तेच. वय एकोणसाठ. आमच्या देशी औषधांच्या इस्पितळात औषधं बांधून द्यायच्या खिडकीमागे चाळीस वर्षं उभे आहेत. त्यांच्या पाठीशी खणांची भिंत आहे, जमिनीपासून छतापर्यंत तीनशे सहा खण, आणि एकाही खणावरची चिठ्ठी ते वाचत नाहीत. हात मागे जातो, खण उघडतो, तीन बोटांच्या चिमटीत नऊ ग्रॅम येतात. काट्यावर घातले की नऊच भरतात. (मी एकोणीस वर्षं त्यांच्या हाताखाली आहे, माझ्या चिमटीत कधी सात येतात, कधी अकरा, आणि काट्याकडे बघून मी असा चेहरा करते की काटाच बिघडलाय.) कुठल्या डोंगराच्या कुठल्या बाजूचं मूळ आहे हे ते मोडलेल्या तुकड्याच्या आवाजावरून सांगतात. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हे त्यांच्या तोंडावर म्हटलं की ते चष्मा पुसायला घेतात.

तर गेल्या वर्षी आमचे उपसंचालक थाओ साहेब कुठल्याशा शहरात जाऊन एक यंत्र बघून आले. बटण दाबलं की काढ्याची तयार भुकटी कागदाच्या पाकिटात पडते, गरम पाण्यात ढवळा आणि प्या. त्यांना ते इतकं आवडलं की खणांची भिंत काढून तिथं यंत्र बसवायचं ठरलं. फक्त एक आडकाठी होती. ज्या औषधालयात वरिष्ठ दर्जाचा औषधतज्ज्ञ आहे तिथं कच्ची औषधं ठेवायची मुभा कायम राहते, कारण माल पारखून सही करणारं कोणीतरी असतं. असा माणूस जूनअखेर नसेल तर खण गेले. वरिष्ठाची जागा आमच्याकडे एकच, आणि ती मिळवायला परभाषेची परीक्षा पास व्हावी लागते. आता मला सांगा, आमच्या खिडकीवर ज्येष्ठमध इंग्रजीत मागायला कोण येणार आहे? पण नियम तो नियम. ढोल वाजवणाऱ्यालाही इंग्रजी, डुकरांच्या डॉक्टरलाही इंग्रजी.

इथं एक कबुली देते. थाओ साहेबांनी आधी मला विचारलं होतं. मी तरुण (एक्केचाळीस म्हणजे आमच्या औषधालयात तरुणच), मामा इंग्रजीचे मास्तर, मीच का नाही बसत? मी सगळ्यांच्या देखत सांगितलं की उस्ताद खिडकीत उभे असताना शिष्य त्यांच्या पुढे जात नसतो, ते निवृत्त होईपर्यंत मी अर्ज करणार नाही. हे बोलताना माझी मान चांगली ताठ होती. उस्तादांनी पुढची पुडी बांधायला घेतली. फेब्रुवारीत अर्ज आले तेव्हा ते म्हणाले की माझं अक्षर बरं आहे, दोघांचेही अर्ज मीच भरतो. तू फक्त सरावाला म्हणून बैस, पुढे कधीतरी उपयोगी पडेल. कनिष्ठांना जुन्या वैद्यकग्रंथांच्या भाषेचा पेपर असतो आणि वरिष्ठांना इंग्रजीचा, असंही त्यांनी सांगितलं. मी वाचल्याशिवाय सही केली. उस्तादांनी बांधलेली पुडी कोणी उघडून बघतं का?

मग आमची विद्यालयं सुरू झाली. सकाळी सातला, खिडकी उघडण्याआधी, मी त्यांना इंग्रजी शिकवायची. दुपारी जेवणानंतर ते मला जुने ग्रंथ शिकवायचे. त्यांच्या शिकवण्यात पुस्तक नव्हतंच. ते पुड्या बांधत म्हणत जायचे, मी दोरी तोडत मागून म्हणायची, आणि संध्याकाळपर्यंत दोन हजार वर्षांपूर्वीचा कुणीतरी वैद्य माझ्या डोक्यात राहायला आलेला असायचा. माझ्या शिकवण्यात मात्र पुस्तक होतं, फळा होता, तुमची सगळी वाक्यं होती, फक्त शिकवणं नव्हतं. पहिल्याच दिवशी गाडी अडली. मी सांगितलं की इंग्रज औषध खात नाहीत. उस्तादांनी काटा खाली ठेवला. मग आजारी पडले की काय करतात, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खातातच, पण तसं म्हणत नाहीत, टेक म्हणतात, म्हणजे घेतात. उस्ताद म्हणाले, घेऊन काय करतात, खिशात ठेवतात?

तुमचे विद्यार्थी इथं हसले असते आणि पुढे गेले असते. उस्ताद हसले नाहीत आणि पुढेही गेले नाहीत. आपण तरी काय, ते म्हणाले, वाडगाभर काढा घटाघटा पितो आणि औषध खाल्लं म्हणतो, आपण कोणत्या तोंडानं हसायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं की हे लोक आणखी काय काय घेतात. मी तुमचा धडा आठवून सांगत गेले. आपण बसमध्ये बसतो, ते बस घेतात. आपण अंग धुतो, ते अंघोळ घेतात. आपण फोटो मारतो, ते फोटोसुद्धा घेतात. विश्रांती घेतात, श्वास घेतात, वेळ घेतात, परीक्षा घेतात (आणि ही देणारा घेतो, घेणारा नाही, असं सांगितल्यावर उस्तादांनी पंखा लावायला सांगितला). आठव्या दिवशी ते सकाळी माझ्या आधी येऊन बसले होते. रात्रभर विचार केला, म्हणाले, हा शब्द कोण आहे ते मला कळलं. हा ज्येष्ठमध आहे.

मामा, मी तुमच्याकडे सहा वर्षं इंग्रजी शिकले, पण तुम्ही मला ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. उस्तादांचं म्हणणं असं की दहा काढ्यांपैकी आठांत ज्येष्ठमध असतो. तो स्वतः कुठलाही मोठा रोग बरा करत नाही. तिखट औषधाला मऊ करतो, कडूला गिळण्याजोगं करतो, भांडणाऱ्या दोन मुळांना एका भांड्यात नांदवतो, आणि त्याचं नाव कोणी घेत नाही. हा शब्दही तसाच. एकटा उभा केला तर पोरका, पण ज्याच्या शेजारी ठेवाल त्याच्या चवीचा होतो. एवढं बोलून ते ज्येष्ठमधाच्या खणाकडे असे बघत राहिले की तिथून कोणी नातेवाईक बाहेर येणार आहे. त्या दिवसापासून त्यांनी बाकीच्या इंग्रजीत लक्ष घालणं जवळजवळ बंद केलं. मी घाबरले, कारण परीक्षा संपूर्ण भाषेची होती. ते म्हणाले, ज्याला ज्येष्ठमध कळला त्याला अर्धं औषधालय कळलं.

आता चिठ्ठ्यांची कल्पना माझी (म्हणजे तुमची. मिठाच्या बरणीवर मीठ आणि आरशावर आरसा असं इंग्रजीत लिहून चिकटवायचात ना तुम्ही, आणि मामी मिठाऐवजी साखर घालायची). मी म्हटलं, प्रत्येक प्रयोग एका चिठ्ठीवर लिहा आणि जिथं नजर पडेल तिथं ठेवा. त्यांची नजर कुठं पडणार? त्यांनी जुन्या औषधपत्रिकांचे कोरे तुकडे कापले, पेन्सिलीनं एकेक प्रयोग लिहिला आणि ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे खणात ठेवला. झोपेसाठी देतात त्या रानबोरांच्या बियांत विश्रांती घेणं. खोकल्याच्या जर्दाळूच्या बियांत लांब श्वास घेणं. किड्यानं झाडावर सोडलेल्या कातीच्या खणात टेक ऑफ, म्हणजे कपडे उतरवणं. बचनागाचं कोवळं मूळ आईच्या मुळाला बिलगून वाढतं आणि तिच्याचसारखं दिसतं, म्हणून तिथं टेक आफ्टर, आईबापावर जाणं. मूळव्याधीच्या फुलांत त्यांनी टेक अ सीट ठेवलं तेव्हा मी विचारलं, हे औषध आहे की टोमणा? ते म्हणाले, रोग्याला बसता यावं ही सदिच्छा आहे. खण उघडला की ते चिठ्ठी वाचायचे, पुटपुटायचे, औषध चिमटीत घ्यायचे आणि चिठ्ठी परत ठेवायचे. चाळीस वर्षांत प्रथमच त्यांचे डोळे हाताबरोबर नव्हते, आणि हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मार्चच्या सुरुवातीला खौ आजी आल्या. बाजारात सोयाचं पनीर विकतात त्या. शहात्तर वर्षांच्या, महिनाभर डोळ्याला डोळा नव्हता, आणि झोप नसल्याचा सगळा राग त्या खिडकीवर काढत होत्या. उस्तादांनी तीन पुड्या बांधून दिल्या. एका पुडीत रानबोरांच्या बियांबरोबर विश्रांती घेण्याची चिठ्ठीही गेली. आजींना अक्षर ओळखीचं नाही, पण लिहिलेला कागद टाकू नये एवढं त्यांच्या आजीनं त्यांना शिकवलं होतं, आणि पूर्वीच्या दुकानांत प्रत्येक औषधासोबत छापील चिठ्ठी यायची हेही त्यांना आठवत होतं. वरून ही अक्षरं परदेशी. आजींनी ओळखलं की हे अनुपान आहे आणि बहुतेक तेच महाग असणार. त्यांनी चिठ्ठी काढ्यात घालून उकळली, वाडगा रिकामा केला आणि आडव्या झाल्या, त्या थेट दुसऱ्या दिवशी दुपारी उठल्या. सुनेनं दोनदा नाकाशी आरसा धरून पाहिला म्हणे.

यात औषधाचं श्रेय किती ते तुम्हाला आणि मला कळतं. पण बाजाराला कळत नाही. चौथ्या दिवशी आमच्या खिडकीवर रांग लागली आणि प्रत्येकाला चिठ्ठीवालं औषध हवं होतं. ज्याला मिळालं नाही तो अपमान झाल्यासारखा बघायचा. एक पीठगिरणीवाला म्हणाला की औषध राहू द्या, चिठ्ठी तेवढी द्या. उस्ताद खालच्या आवाजात प्रत्येकाला समजावत होते की ती चूक होती, आणि जितके जास्त समजावत तितकी लोकांची खात्री वाढत होती की हा माणूस काहीतरी लपवतोय. दुपारी ते जेवले नाहीत. चाळीस वर्षांत पुडीत एक काडी चुकीची गेली नव्हती. संध्याकाळी ते स्वतः खौ आजींच्या घरी माफी मागायला गेले. आजींनी माफी ऐकून घेतली आणि विचारलं, आजची चिठ्ठी आणलीत का?

इथवर झाकली मूठ होती. पण आजींनी रीतीप्रमाणे काढ्याचा चोथा चव्हाट्यावर टाकला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांनी रोग दूर जावा म्हणून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांत थाओ साहेब होते. त्यांच्या नव्या बुटाला चिठ्ठी चिकटली. उलट्या बाजूला इस्पितळाचं नाव. झालं. सभा बोलावली, उस्तादांना उभं केलं, आणि लेखी आत्मपरीक्षण मागितलं. प्रकरण वर गेलं तर अर्जच रद्द होणार, म्हणजे खण गेलेच. उस्तादांनी तीन पानं लिहिली. पहिल्या अर्ध्या पानात चूक कबूल केली होती, सफाई नव्हती, सबब नव्हती, दोष सगळा स्वतःकडे. उरलेल्या अडीच पानांत, चिठ्ठी तिथं का ठेवली होती हे कळावं म्हणून, त्यांनी त्या क्रियापदाचा स्वभाव, गुण आणि कोणाबरोबर देऊ नये ते औषधाच्या पोथीच्या भाषेत लिहिलं होतं. गुणधर्म समशीतोष्ण, चव गोड, बाराही नाड्यांत प्रवेश. मी ती पानं वाचली तेव्हा मला एकीकडे हसू येत होतं आणि दुसरीकडे अक्षरं दिसेनाशी झाली होती.

थाओ साहेबांनी ती दोन दिवस ठेवून घेतली. (आता हे कोणाला सांगू नका, पण थाओ साहेबांनाही बढतीसाठी हीच परीक्षा पास व्हायची आहे आणि ते दोनदा आपटले आहेत.) तिसऱ्या दिवशी त्यांनी उस्तादांना जिन्यात गाठलं, इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं की भाग घेण्याला पण हाच शब्द चालतो का? उस्ताद म्हणाले, चालतो, तो मी अंजिरात ठेवलाय. प्रकरण तिथंच मिटलं. आत्मपरीक्षणाची पानं साहेबांनी अजून परत केलेली नाहीत.

मार्चअखेर परीक्षा झाली. जिल्ह्याच्या गावी एका शाळेत, तेरा वर्षांच्या मुलांच्या बाकांवर. मी सोबत होते, माझा सरावाचा पेपर पलीकडच्या वर्गात होता. फाटकाशी रेशीमकिड्यांचे तज्ज्ञ होते, नाटकमंडळीतले झांजवाले होते, सगळे पन्नाशीचे, सगळ्यांच्या काखेत कोश. या परीक्षेत कोश न्यायला परवानगी असते, म्हणूनच लोकांना वाटतं की ती सोपी आहे. आतापर्यंत उस्तादांनी माझा खिशातला कोश वापरला होता, त्यात टेकला अकरा ओळी आहेत. आणि मी शहाणीनं, आयत्या वेळी, त्यांच्या हाती काय दिलं असेल? तुमचा मोठा कोश. कापडी पिशवीतून, दोन्ही हातांनी, आशीर्वादासारखा.

पुढचं मला झांजवाल्यांनी सांगितलं, ते मागच्या बाकावर होते. पाऊण तास उस्ताद मान खाली घालून भराभर लिहीत होते. मग एका उताऱ्यात टेक असा काही आला की त्याची चिठ्ठी कुठल्याच खणात नव्हती. उस्तादांनी कोश उघडला. तिथं त्यांना अकरा ओळी नव्हे, चार पानं दिसली. झांजवाले म्हणाले की त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मध्ये एकदा पर्यवेक्षिका येऊन उभी राहिली. तिला वाटलं यांना भोवळ आलीय. घंटा झाली तेव्हा ते चौथ्या पानाच्या शेवटच्या ओळीवर होते आणि उत्तरपत्रिकेचा मागचा तिसरा हिस्सा कोरा होता. बाहेर आले तेव्हा चेहरा इतका उजळला होता की मला वाटलं, जिंकलो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"श्वेलान, चार पानं आहेत गं," ते म्हणाले. "आपल्याला खण पुरायचे नाहीत."

अठरा जूनला सायकलींच्या छपराखाली निकाल लागला. उत्तीर्ण व्हायला साठ लागतात. मेंग उस्ताद, इंग्रजी, सत्तावन्न. त्याच्या खालीच माझं नाव, जुन्या ग्रंथांची भाषा, चौऱ्याहत्तर. म्हणजे मी शिकवलेला माणूस नापास आणि त्यांनी शिकवलेली बाई पास. उत्तीर्ण मी एकटीच, जागा एकच, आणि तारीख डोक्यावर आलेली. समितीनं जागा मला दिली (न वाचता सही केलेला माझा अर्जही त्याच जागेसाठी होता, हे मला तेव्हा कळलं). यंत्र शेजारच्या तालुक्याला गेलं. भिंत आहे तिथं आहे, एकेक खण जागच्या जागी. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते झालं, आणि मी गोदामात जाऊन गोण्यांमागे बसून राहिले. सगळ्यांच्या देखत ताठ केलेली ती मान आता कुठं ठेवू ते मला समजत नव्हतं. थोड्या वेळानं उस्ताद आले. हातात चहाची बरणी होती. ज्येष्ठमधाचा नवा माल आलाय, म्हणाले, ओलसर वाटतोय, मोडून बघ आणि घ्यायचा की नाही ते सांग. मी म्हटलं, तुम्हीच बघा ना. ते म्हणाले, "मी बघतो, पण सही आता तुझी." मी एक काडी मोडली. आवाज दमट होता. माल परत पाठवला. त्या कागदावर माझी पहिली सही आहे, आणि ती थोडी वाकडी आली आहे.

असं सगळं आहे. लांबण लावली याबद्दल क्षमा असावी. दुसऱ्या कोणाला हे लिहिलं असतं तर त्यानं विचारलं असतं की एका शब्दासाठी एवढं काय? तुम्ही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. गुडघ्याला ऊब द्या, बागेत लेप लावून जाऊ नका, आणि मामीच्या फोटोपुढे माझ्या नावानं एक संत्रं ठेवा.

तुमची भाची,
श्वेलान

ता. क. तुमचा कोश परत पाठवते आहे. टेकची चार पानं जरा पिवळी झाली आहेत, उस्तादांच्या बोटांना ज्येष्ठमध लागलेला असतो. पान उलटताना बोट जिभेला लावायची तुमची सवय मला माहीत आहे. गोड लागलं तर घाबरू नका.

आणखी एक ता. क. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. काल प्रमाणपत्र घ्यायला ऑफिसात गेले तर तिथल्या पेंगबाई म्हणाल्या, अहो, उस्तादांनी इंग्रजी का घेतलं? देशी औषधवाल्या कुणालाही, वरिष्ठ असो की कनिष्ठ, दोन्हींतला हवा तो पेपर निवडता येतो. फेब्रुवारीत मी त्यांना तीनदा सांगितलं. मामा, ज्या माणसाला ते ग्रंथ झोपेत पाठ येतात, ज्यानं ते माझ्याकडून पुडीच्या दोरीबरोबर घोटून घेतले, तो तिथं बसता तर शंभरातले शंभर आणता. मी तशीच धावत खिडकीशी गेले आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. त्यांनी हातातली पुडी बांधून पूर्ण केली. म्हणाले, मी पास झालो असतो तर जागा मला. पुढच्या वर्षी साठ भरले की मी घरी, आणि खण पुन्हा पोरके. बायकांना पंचावन्नला घरी बसवतात, तरी तुला अजून चौदा वर्षं आहेत. पण मी असताना तू पुढे होणार नाहीस असं तू सगळ्यांना सांगून बसली होतीस, मग दुसरा रस्ता कोणता होता? मी विचारलं, आणि इंग्रजीत चुकून पास झाला असतात तर? ते म्हणाले, तू शिकवत होतीस, त्यामुळे ती धास्ती नव्हती. मला रडावं की त्यांना काटा फेकून मारावा ते कळेना. म्हटलं, म्हणजे तुम्ही मुद्दाम नापास झालात. तेव्हा मात्र ते दुखावले.

"मुद्दाम नाही," ते म्हणाले. "अगदी मनापासून नापास झालोय."

शेवटचा ता. क., आणि हे पत्र खरं तर यासाठीच. कोश टपालानं येत नाही, माणसाच्या हाती येतो आहे. शनिवारी दुपारी चारच्या बसनं मेंग उस्ताद तुमच्या दारात उतरतील. आठवडाभराची रजा घेतली आहे (घेतली हे ते स्वतःच इंग्रजीत म्हणून दाखवतील, दाद द्या). त्यांच्याकडे त्या चार पानांवरच्या दोनशे चौदा शंका आहेत, सगळ्या चिठ्ठ्यांवर, आणि त्या खिशातल्या यंत्राला विचारायच्या नाहीत, माणसालाच विचारायच्या असं त्यांनी ठरवलं आहे. तुमच्या घशावर मी म्हटलं होतं ते औषध हेच. दोन वाडगे भात खातात, दारू घेत नाहीत, थोडे घोरतात. विचारतील ते सगळं शिकवा. फक्त मामा, गिव्ह हे क्रियापद काढू नका. ते त्यांना न शिकवताच येतं.